तांबट ऐकू येतो, पण दिसत नाही

सकाळी पावणेसातला दुखणारे आणि रविवारी अजिबात न दुखणारे पोट कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या चांगल्या ओळखीचे असते. असे पोट घेऊन आई-वडील आले, की डॉक्टर पोट दाबून पाहतो, जीभ पाहतो, जंताचे औषध लिहून देतो आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "काय रे, गृहपाठ झाला नाही वाटतं?" सगळे हसतात. मुलगा हसत नाही. तिकडे आमचे लक्ष नसते.

असाच एक नऊ वर्षांचा मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडे वर्षभर येत होता. वडिलांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान, आई डी.एड. झालेली पण घर सांभाळणारी, धाकटी बहीण सहा वर्षांची. मुलगा तिसरीत. शाळेतून तक्रारी येत, की हा लक्ष देत नाही, फळ्यावरची गणिते चुकीची उतरवतो, मागे बसून स्वतःशीच खेळतो. मी त्याला दोनदा जंताचे औषध दिले, एकदा ॲसिडिटीचे, एकदा टॉनिक. पोट काही थांबले नाही. आज या स्तंभात मला कबूल करायचे आहे, की त्याचे दुखणे पोटात नव्हतेच आणि ते मला सापडले नाही. ते सापडले उंबराच्या शेंड्यावर बसलेल्या एका पाखरामुळे.

घरची शाळा

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आई-वडिलांनी त्याचे नाव काढले आणि त्याला घरीच शिकवायचे ठरवले. हे कळले तेव्हा मी त्यांना दवाखान्यातच फैलावर घेतले. "अहो, लोक पोटाला चिमटा काढून पोरांना शाळेत घालतात आणि तुम्ही काढून घेता?" आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, रोज रडत पाठवण्यापेक्षा एक वर्ष घरी शिकवून बघते. तुम्ही फक्त एवढं सांगा, दिवसभर घरात कोंडून राहायला नको म्हणून याला काय करायला लावू?" बाहेर वीस पेशंट बसले होते. मी म्हणालो, "सकाळी पाटाच्या कडेने फिरवून आणा. पाखरं दाखवा, त्यांची नावं लिहायला लावा." खरे सांगायचे तर विषय संपवण्यासाठी बोललो होतो.

घरी शिकवण्याचा हा प्रकार पुण्या-मुंबईकडे काही कुटुंबे करतात. आपल्या लहान गावांत तो नवलाईचाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, पण घरी शिकवण्याची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. घरी शिकणारी बरीच मुले पुढे दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत देतात. ही संस्था १९८९ पासून आहे आणि तिच्या दहावीसाठी किमान १४ वर्षे पूर्ण लागतात. शाळा चांगली की घर, हा वाद मी शिक्षणतज्ज्ञांवर सोडतो.

डॉक्टर म्हणून मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलाचे शाळेतले नाव गेले, की शाळेत होणाऱ्या आरोग्य तपासणीतूनही त्याचे नाव जाते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन मुलांचे डोळे, कान, दात, वजन, उंची पाहतात. जंतनाशक गोळी शाळेत मिळते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तिची आठवणही बहुधा शाळाच करून देते. घरी शिकणाऱ्या मुलासाठी हे सगळे आई-वडिलांना स्वतःहून करावे लागते. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, जंताची गोळी अंगणवाडीत मिळते. वर्षातून एकदा वाढदिवसाच्या आठवड्यात डोळे, कान, दात, वजन आणि उंची तपासून घ्यायचा नियमच करावा.

दोनशे पानी वही

माझे बोलणे त्या बाईंनी मनावर घेतले. पाऊस ओसरल्यावर रोज साडेसहाला दोन्ही मुलांना घेऊन त्या पाटावर जाऊ लागल्या. दोनशे पानी वही केली. डावे पान मुलीचे, उजवे मुलाचे. तारीख, वेळ, ढग की ऊन, कोणते पाखरू, किती, काय करत होते. मुलाचे पोट दुखायचे थांबले. मी मनात म्हटले, चला, शाळेचा कंटाळाच होता तो. आपले निदान बरोबर ठरले याचे डॉक्टरलाही बरे वाटते.

संक्रांत होऊन गेल्यावर त्या मुलीच्या सर्दीसाठी आल्या. बरोबर वही होती. "डॉक्टर, एक शंका आहे," म्हणाल्या. मुलीच्या पानांवर एकोणीस पक्ष्यांची नावे होती, मुलाच्या पानांवर सव्वीस. मुलगा सरस, यात शंका कसली? पण त्यांनी बोट ठेवले तिथे मी पाहिले. मुलाच्या सव्वीसपैकी अठरा नावांपुढे लिहिले होते, "आवाज". चित्रे काढली होती ती फक्त अंगणातल्या चिमणीची, साळुंकीची, दाणे टिपणाऱ्या होल्याची आणि पाटाच्या पायरीवर शेपूट हलवणाऱ्या धोब्याची. म्हणजे चार पावलांवर येणाऱ्या पाखरांची. तांबटापुढे लिहिले होते, "टुक टुक टुक, न थांबता बावन्न वेळा. दिसत नाही."

"हा म्हणतो, तांबट नुसता ऐकू येतो, तो दिसतच नसतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, उगीच हट्ट करतोय. तीन दिवस ते पाखरू उंबराच्या वाळक्या शेंड्यावर उन्हाला बसलेलं होतं. धाकटी बोट दाखवते, आणि हा डोळे बारीक करून बघतो नि म्हणतो, कुठंय?"

डोळे बारीक करून बघतो. वर्षभर आधी हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मुलाला मी दवाखान्याच्या दारात उभे केले आणि समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. "गणपती आहे," तो म्हणाला. चित्राखालच्या तारखा त्याला मुळीच वाचता आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासले. उजव्या डोळ्याचा नंबर वजा अडीच, डाव्याचा वजा दोन.

या आकड्याचा अर्थ साधा आहे. वजा अडीच नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय फक्त चाळीस सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. हातातली वही दिसते, ताटातली भाजी दिसते. फळा म्हणजे मात्र धुके. हा मुलगा मागच्या बाकावर बसून वर्षभर गणिते ऐकून ऐकून उतरवत होता आणि चुकली की बोलणी खात होता. आपल्याला दिसत नाही हे मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते. मग सकाळी पोट दुखते. ते दुखणे खोटे नसते. भीतीनेही पोटात खरोखर कळ येते.

वडील दुकान बंद करून मुद्दाम भेटायला आले. "डॉक्टरसाहेब, म्हणजे शाळा सोडायची गरजच नव्हती का?" मी म्हणालो, "कदाचित नव्हती. आणि ते मला कळायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "शाळेत सरांसमोर साठ मुलं. तुमच्याकडे बाहेर रांग. आणि मी तर रोज घरात बघत होते, मलाही कुठं कळलं?"

लांबचा नंबर का लागतो?

डोळ्याचा गोळा समोरून मागे जरुरीपेक्षा जास्त लांब वाढला, की लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता अलीकडेच पडते. यालाच निकटदृष्टिता किंवा साध्या भाषेत मायनस नंबर म्हणतात. आई-वडिलांना नंबर असेल तर मुलाला लागण्याची शक्यता अधिक. पण दुसरे मोठे कारण आपल्या हातात आहे. दिवसाचा बहुतेक वेळ घरात, पुस्तक किंवा मोबाइल नाकाजवळ धरून जातो, हे ते कारण.

चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० साली बारा प्राथमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा बाहेर उजेडात ठेवले, उरलेल्या सहा शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांनी तपासले, तेव्हा बाहेर राहिलेल्या गटात ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सूर्यप्रकाशामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते आणि डोळ्याची लांबट वाढ आवरली जाते, असे यामागचे कारण सांगितले जाते. उन्हातच उभे राहायला हवे असे नाही. झाडाच्या सावलीतला उजेडही वर्गातल्या उजेडापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो.

मात्र गैरसमज नको. बाहेर राहिल्याने नंबर लागणे टळू शकते किंवा लांबू शकते. एकदा लागलेला नंबर पाखरे पाहून जात नाही. गाजर खाऊनही जात नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूतही चुकीची. वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. चष्मा न दिल्यास मूल धुक्यात राहते, आणि दोन डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक असेल तर कमजोर डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. आळशी डोळ्याचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत झाला तर सर्वांत चांगला गुण येतो. म्हणून तपासताना दोन्ही डोळे स्वतंत्रपणे, एक झाकून दुसरा, असे तपासावेत. मुलांच्या डोळ्यांत थेंब टाकून केलेली तपासणीच खरी. नुसते यंत्रासमोर बसवून नंबर काढू नये.

सुरुवात कशी करावी?

मूल घरी शिकणारे असो वा शाळेत जाणारे, हा अभ्यास कुणालाही जमतो. दुर्बीण लागत नाही, गाडी लागत नाही. सकाळचा उगवतीनंतरचा तासभर, एक वही, एक पेन्सिल, पायात बूट आणि पाण्याची बाटली एवढे पुरे. आठवड्यातून तीन दिवस, त्याच वाटेने. रोज नवी जागा शोधू नये. एकाच वाटेवर तीच पाखरे कधी दिसतात, कधी गायब होतात हे पाहण्यातच खरा अभ्यास आहे.

पहिल्या महिन्यात दहाच पाखरे ओळखावीत. चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल, होला, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, दयाळ, भारद्वाज. ही बहुतेक सगळी आपल्या गावांच्या आसपास सापडतात. आकार सांगताना चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा अशी मापे वापरावीत. मुलाने पाहिल्याशिवाय नाव सांगू नये. आधी त्याला विचारावे, शेपूट कशी आहे, बसतो कुठे, चालतो की उड्या मारतो? चिमणी उड्या मारते, साळुंकी एकेक पाऊल टाकून चालते. हे मोठ्यांनीही कधी लक्षपूर्वक पाहिलेले नसते.

यातून सगळे विषय निघतात. वहीत चार ओळी लिहिल्या की मराठी झाली. तारेवर किती वेडे राघू बसले, आठवड्याची सरासरी किती, हे काढले की गणित झाले. चोची पाहिल्या की विज्ञान झाले. पोपटाची चोच म्हणजे अडकित्ता, शिंजिराची म्हणजे फुलात शिरणारी सुई, बगळ्याची म्हणजे चिमटा, थापट्या बदकाची म्हणजे चाळणी. जसे खाणे तशी चोच. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकू लागतात. नाव बाईचे असले तरी विणकाम नर करतो, अर्धे घरटे विणून मादीला दाखवतो, तिला पसंत पडले तरच पुरे करतो. हे ऐकून मुले खूश होतात आणि घरातले पुरुष जरा गप्प बसतात.

भूगोलासाठी तर आपल्या जिल्ह्याला नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या जलाशयाला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक, थापट्या, तलवार बदके दिसतात. हिमालयापलीकडून आणि त्याहूनही उत्तरेकडून आलेले पाहुणे. नकाशा काढून बोटाने ती वाट मागे मागे नेली, की आशिया खंड पाठ करावा लागत नाही.

दुर्बीण आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला द्यावी आणि आठ पटींची पुरे. चष्मा असलेल्याने चष्म्यावरूनच पाहावे. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. पडदा भाजतो आणि तो भाजलेला डाग भरून येत नाही.

पाखराकडे बघताना मुलाकडेही बघा

मला या लेखात मुख्य सांगायचे आहे ते हेच. फळा, वही, मोबाइल सगळे जवळचे झाले आहे. मुलाने लांबच्या बारीक वस्तूकडे पाहावे, बारीक आवाज ऐकावा, तासभर चालावे आणि थोडे स्थिर बसावे अशा जागा आता थोड्या उरल्या आहेत. पाखरांच्या वाटेवर या चारही गोष्टींची परीक्षा आपोआप होते. म्हणून मुलाच्या वहीबरोबर आई-वडिलांनी आपल्याही मनात एक वही ठेवावी.

डोळे. तुम्हाला दिसलेले पाखरू मुलाला वारंवार दिसत नाही, तो डोळे बारीक करतो, मान वाकडी करतो, एक डोळा झाकतो, टीव्हीला चिकटून बसतो. नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

कान. पाखरू दिसते, पण आवाज ऐकू येत नाही, "कुठे बोलतंय?" असे विचारतो. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकू कमी येते. अशा मुलालाही घरी आणि शाळेत "लक्ष देत नाही" असेच म्हणतात. कान तपासून घ्यावेत. घरच्या घरी कानात तेल किंवा काडी घालू नये.

दम. धाकटे भावंड पुढे पळते आणि हा मागे बसतो. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहावी. ती फिकट असेल तर रक्त कमी असू शकते. पहाटेच्या गारव्यात खोकला किंवा छातीत सूं सूं आवाज येत असेल तर दमा असू शकतो. अशा मुलाला थंडीत ऊन वर आल्यावर न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

स्थैर्य. मूल चंचल असणे हा रोग नव्हे. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटे गप्प बसणारे मूल दोन महिन्यांत दहा मिनिटे बसू लागते. पण आवडीच्या गोष्टीतही कुठेच, कधीच मन ठरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मारून उपयोग नाही.

काही पथ्ये

१. मेलेले किंवा आजारी पाखरू मुलाने हातात घेऊ नये. आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ साली, इथून दूर नसलेल्या नवापूरला, कोंबड्यांमध्ये. एकाच ठिकाणी अनेक पाखरे मेलेली दिसली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

२. कबुतरांना दाणे टाकून गच्ची भरवू नये. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचा भुगा रोज श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. कोरडा खोकला आणि चालताना दम, असे ते सुरू होते. वेळेत ओळखले नाही तर फुप्फुसे घट्ट होतात. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून आणि नाक-तोंड बांधून काढावी.

३. पाखरांसाठी पाण्याचे परळ जरूर ठेवावे, पण पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून दोनदा परळ आतून घासावे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

४. द्राक्षबागेजवळून वाट असेल तर फवारणीच्या दिवशी त्या वाटेने मुलांना नेऊ नये. बांधावरची द्राक्षे न धुता तोंडात टाकू देऊ नयेत. जाळीत अडकलेले पाखरू दिसले तर मोठ्यांनी जाड कापड टाकून सोडवावे.

५. पाट, विहीर, जलाशय यांच्या काठावर मुलाचा हात मोठ्याच्या हातात असावा. वर बघत चालणारे मूल खाली बघत नाही. गवतात बूट हवेत, मोहोळाखाली थांबू नये, एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी परतावे.

६. घरटे हलवू नये, अंडी उचलू नयेत, पोपट पिंजऱ्यात ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. जमिनीवर पडलेले पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आई-बाप जवळच असतात. कुत्र्या-मांजराचे भय असेल तर जवळच्या झुडपावर ठेवून बाजूला व्हावे. मग हात साबणाने धुवावेत. फिरून आल्यावर, खाण्यापूर्वी हात धुणे हा तर रोजचाच नियम.

एक डोकेदुखी आणि एक चिमणी

डॉ. सलीम अली यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा आई-वडिलांविना मामांकडे वाढला. लहानपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कुठली, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढचे सर्वश्रुत आहे. पण एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला सतत डोकेदुखी जडली, शाळा वारंवार बुडाली, कोरडी हवा मानवेल म्हणून सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले, आणि १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. शाळेत मागे पडलेल्या मुलाच्या बाबतीत घाईने निकाल देऊ नये, एवढे यातून आम्ही डॉक्टरांनी आणि तुम्ही पालकांनी शिकावे.

आपल्या मराठीत पाखरांना नावे आणि ओळख देणारे मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह ठरवला आहे. वही सुरू करायला चांगला मुहूर्त आहे, पण त्यासाठी थांबायला नको.

पुन्हा त्या मुलाकडे

चष्मा आल्यावर तो मुलगा पहिल्यांदा पाटावर गेला त्या दिवसाचे पान मी पाहिले आहे. त्यात तांबटाचे चित्र आहे. हिरवे अंग, कपाळ लाल, डोळ्याभोवती पिवळे, आणि चोचीजवळच्या बारीक मिशासुद्धा. खाली लिहिले आहे, "ओरडताना गळा फुगतो." आधीच्या अठरा नावांपुढचा "आवाज" हा शब्द त्याने पुसला नाही. पुढच्या काही महिन्यांत त्या शब्दासमोर एकेक तारीख पडत गेली. दिसला, दिसला, दिसला.

चौथीचा अभ्यास त्याने घरीच पुरा केला आणि पाचवीला तो स्वतःहून शाळेत गेला. नंबर आता वजा तीन झाला आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी होते. रविवारची पाटावरची फेरी चालूच आहे. एकदा हिवाळ्यात तो मला चापडगावच्या मनोऱ्यावर घेऊन गेला. वही मला वाचायला दिली, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, तुम्ही वही हात लांब करून वाचता. डोळे कधी तपासले?"

चाळिशीचा माझा चष्मा पाच वर्षे जुना होता. दुसऱ्याच दिवशी नंबर तपासून घेतला.

येत्या रविवारी तुम्हीही मुलाला घेऊन बाहेर पडा. तारेवरचे एखादे पाखरू दाखवा आणि विचारा, शेपूट कशी आहे? मग त्याचा एक डोळा झाकून विचारा. नंतर दुसरा झाकून. उत्तर अडखळले तर सोमवारी तपासणीला घेऊन जा. तोपर्यंत मुलाला "लक्ष देत नाही" असे म्हणू नका.